निक्कोलीचा ग्रंथसंग्रह आणि सान मार्कोचे वाचनालय: फ्लॉरेन्समधील एक प्रकरण (1437–1444)

1437 च्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये निक्कोलो निक्कोली वारला. त्याने लग्न केलेले नव्हते, त्याचा चालता धंदा नव्हता आणि ज्यावर त्याची कीर्ती टिकावी असा एकही मोठा ग्रंथ त्याने लिहिलेला नव्हता. मागे राहिली ती सुमारे 800 हस्तलिखिते आणि कर्ज. हस्तलिखितांपैकी जवळपास 200 मृत्यूच्या वेळी इतरांच्या घरी वाचायला गेलेली होती, तर देण्यांपैकी 500 दुकात (सोन्याची नाणी) एकट्या कोझिमो दे मेदिची या सावकाराचे होते. हे आकडे ग्रंथविक्रेता व्हेस्पासियानो दा बिस्तिच्ची याने लिहिलेल्या चरित्रातून येतात. तो निक्कोलीचा चाहता होता आणि त्याने हे चरित्र घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहिले, त्यामुळे आकडे अंदाजे समजावेत. पण संग्रहाचा आकार निक्कोलीचा मित्र पोज्जो ब्राच्चोलिनी यानेही जवळपास तेवढाच सांगितला आहे. सात वर्षांनी याच संग्रहातली सुमारे 400 पुस्तके सान मार्को मठातल्या नव्या दालनात वाचकांसाठी मांडली गेली. पश्चिम युरोपात ग्रीक-रोमन काळानंतर उभ्या राहिलेल्या सार्वजनिक वाचनालयांत या दालनाचे स्थान पहिल्या काहींत लागते.

ही हकीकत सहसा मेदिची घराण्याच्या औदार्याची कथा म्हणून सांगितली जाते. औदार्य होते, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु मृत्युपत्र, विश्वस्तमंडळ आणि कर्जफेडीचा करार ही कागदपत्रे एकापुढे एक ठेवून पाहिली, तर या प्रकरणात निर्णायक ठरलेली गोष्ट वेगळी दिसते. फ्लॉरेन्सच्या व्यापारी समाजाने पैशाच्या व्यवहारासाठी जी साधने घडवली होती, तीच साधने येथे विद्येच्या उपयोगी पडली, आणि ज्या संग्रहांना ती लाभली नाहीत ते तितकेच मोलाचे असूनही विखुरले.

प्रथम हे नगर समजून घ्यावे लागते. फ्लॉरेन्सवर राजा नव्हता. 21 व्यवसायसंघ, त्यांपैकी सात थोरले आणि चौदा धाकटे, हा नागरी जीवनाचा सांगाडा होता आणि संघाचे सदस्यत्व असल्याखेरीज सत्तेत वाटा मिळत नसे. सर्वोच्च मंडळात, म्हणजे सिन्योरीत, आठ प्रायर (सदस्य) आणि एक गोन्फालोनिएरे (मंडळाचा प्रमुख) असत. त्यांची नावे थैलीतून चिठ्ठी काढून ठरत आणि मुदत अवघ्या दोन महिन्यांची असे. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या राज्यकर्त्यांच्या नगराला परराज्यांशी सातत्याने आणि प्रतिष्ठेने बोलायचे असेल, तर ते काम कायम जागेवर असलेल्या चिटणिसाच्या लेखणीवर येऊन पडते. कोलुच्चो सालुताती 1375 ते 1406 अशी तब्बल एकतीस वर्षे या पदावर होता. मिलानच्या ड्यूकशी चाललेल्या संघर्षात त्याची लॅटिन पत्रे म्हणजे नगराचे शस्त्रच होते. सिसेरोची भाषा, रोमन प्रजासत्ताकाचा इतिहास, वक्तृत्व आणि नीतिशास्त्र या विषयांना तेथे राजकारणात थेट किंमत होती. त्याच सालुतातीच्या पुढाकाराने कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान मानुएल क्रिसोलोरास 1397 मध्ये नगराच्या पगारावर ग्रीक शिकवायला आला. त्याला आणावे म्हणून खटपट करणाऱ्यांत निक्कोली आणि धनाढ्य पाल्ला स्त्रोझ्झी हेही होते.

या समाजाचा विस्तार मात्र बेताचाच होता. 1348 च्या प्लेगने लोकसंख्या निम्म्यावर आणली होती. 1427 च्या कातास्तो या करनोंदणीत शहरात सुमारे 37,000 माणसे भरली, आणि वरच्या शंभरेक घराण्यांकडे शहराच्या एकूण संपत्तीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग होता. 1378 मध्ये लोकर पिंजणाऱ्या मजुरांनी, म्हणजे चोम्पींनी, उठाव करून स्वतःचा संघ मिळवला होता. तो काही आठवड्यांतच मोडला गेला. निक्कोलीचा बाप लोकरी कापडाचा कारखानदार होता, म्हणजे या संग्रहाचे मूळ भांडवल त्याच धंद्यातून आले. मानव्यविद्येचा, म्हणजे प्राचीन ग्रंथांतून भाषा, वक्तृत्व, इतिहास आणि नीती शिकण्याच्या परंपरेचा, इतिहास लिहिताना पिंजाऱ्यांची आठवण विषयांतर वाटू शकते. मला ती आवश्यक वाटते, कारण या पुस्तकांची किंमत कोणाच्या श्रमातून निघाली याचे ते एक उत्तर आहे.

बापाने निक्कोलीला व्यापारात घातले होते. पुढे त्याने व्यापार सोडला आणि वाटणीला आलेला पैसा पुस्तके, नाणी, कोरीव रत्ने व मूर्ती यांवर खर्च केला. तो पायघोळ गुलाबी वस्त्र नेसे, जेवायला प्राचीन पात्रे वापरी आणि इतरांच्या लॅटिनवर इतकी कठोर टीका करी की स्वतः काही प्रसिद्ध करण्याचे धाडस त्यालाच झाले नसावे. नगरातल्या तरुणांवरचा त्याचा प्रभाव कसा होता हे व्हेस्पासियानोने एका प्रसंगातून दाखवले आहे. श्रीमंत व्यापाऱ्याचा देखणा मुलगा पिएरो दे पात्झी रस्त्याने चालला होता. निक्कोलीने त्याला हाक मारून कोणाचा मुलगा, काय करतोस, असे विचारले. मुलगा म्हणाला, मजेत दिवस घालवतो. एवढ्या चांगल्या घरात जन्मून, एवढे रूप लाभून लॅटिन शिकत नाहीस ही लाजेची गोष्ट आहे, आणि तारुण्य ओसरले की तुझी काहीच किंमत उरणार नाही, असे निक्कोलीने त्याला सुनावले. मुलाने शिक्षक घरी ठेवला आणि तो खरोखर शिकला. भर रस्त्यात परक्या मुलाला असे बोलता येणे आणि मुलाने ते मनावर घेणे, यातून विद्या ही तेथे कुलीनतेचे लक्षण कशी बनत चालली होती ते कळते.

संग्रह कसा वाढला हे पाहताना पोज्जोशी झालेला त्याचा पत्रव्यवहार सर्वांत उपयोगी ठरतो. पोज्जो पोपच्या दरबारात लेखनिक होता. कॉन्स्टान्सच्या धर्मपरिषदेच्या काळात, 1414 ते 1418 मध्ये, फावल्या वेळी तो भोवतालच्या मठांतून पुस्तके शोधत हिंडला. 1416 मध्ये सांक्ट गालेनच्या मठात त्याला प्राचीन रोमन लेखक क्विंतिलियनचा वक्तृत्वावरचा संपूर्ण ग्रंथ मिळाला. 32 दिवसांत त्याने स्वतःच्या हाताने त्याची नक्कल उतरवली. पुढल्या वर्षी रोमन कवी लुक्रेशियसचे काव्य सापडले. अशा शोधांची वार्ता आणि प्रती फ्लॉरेन्सला निक्कोलीकडे येत. तो त्यांतून स्वच्छ नक्कल तयार करी, इतर प्रतींशी ताडून पाही आणि पुढे देई. लुक्रेशियसची प्रत मात्र त्याने वर्षानुवर्षे परत केली नाही. हे पुस्तक मला वाचायला तरी दे, अशी पोज्जोची विनवणी पत्रांतून पुन्हा पुन्हा येते. जो माणूस 200 पुस्तके लोकांना वापरायला देतो तोच मित्राचे पुस्तक दहा वर्षांहून अधिक काळ अडकवून ठेवतो, यात मला विसंगती दिसत नाही. त्याच्या दृष्टीने पुस्तक कोणाच्या मालकीचे आहे यापेक्षा ते नीट उतरवले गेले आहे की नाही, हा प्रश्न मोठा होता. पोज्जोला मिळालेली मूळ नक्कल पुढे नाहीशी झाली. निक्कोलीच्या हातची प्रत आज फ्लॉरेन्सच्या लाउरेन्त्सियाना ग्रंथालयात आहे.

सगळेच मार्ग सरळ होते असे नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसचे एक प्राचीन हस्तलिखित, जे मूळचे मोन्ते कास्सिनोच्या मठातले, निक्कोलीच्या ताब्यात आले होते. 1427 मध्ये ते पोज्जोकडे पाठवायचे ठरले तेव्हा पोज्जोने लिहिले की ते आले की मी लपवून ठेवीन, ते कोठून आले ती कथा मला ठाऊक आहे. पुस्तक हाती आल्यावर त्याची तक्रार वेगळीच होती: लोंबार्द वळणाची लिपी आणि पुसट झालेली अक्षरे वाचवत नाहीत. मठांकडून पुस्तके घेणे म्हणजे अज्ञानाच्या कैदेतून त्यांची सुटका करणे, अशी या मंडळींची धारणा होती, आणि पोज्जोने क्विंतिलियनविषयी तशाच भाषेत लिहिले आहे. पण शतकानुशतके ज्यांनी ती जतन केली त्यांना या भाषेत जागा नव्हती, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. 1431 च्या सुमारास दोन कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, आल्प्सपलीकडे निघाले तेव्हा निक्कोलीने त्यांच्यासाठी यादी तयार केली: कोणत्या मठात कोणते पुस्तक असल्याचे कळले आहे आणि काय शोधून आणावे. एवढा शोध घेणारा हा माणूस स्वतः फारसा प्रवास करीत नसे. पोज्जोसारखे लेखनिक, धर्मगुरू आणि व्यापारी यांच्या ये-जा करणाऱ्या जाळ्यावर त्याचे काम चाले.

लिपीचा उल्लेख आला म्हणून येथे थोडे थांबतो. सालुतातीच्या भोवतालच्या तरुणांना, विशेषतः पोज्जोला, गॉथिक वळणाऐवजी जुन्या हस्तलिखितांतले मोकळे, गोल अक्षर आवडे. ते अक्षर रोमनांचे आहे असे त्यांना वाटे. वास्तविक ते नवव्या ते बाराव्या शतकांतल्या लेखनिकांचे होते. त्याचे पुनरुज्जीवन पोज्जोने केले, तर निक्कोलीने त्याला वेगाने लिहिता येईल असे तिरके वळण दिले. 1501 मध्ये व्हेनिसला आल्दुस मानुतियुसने छापलेल्या व्हर्जिलच्या छोट्या पुस्तकात तिरप्या अक्षराचा खिळा आला, त्याची वंशावळ या हस्ताक्षरापर्यंत जाते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो: संग्राहक मेला की संग्रहाचे काय होते? निक्कोलीसमोर तीन उदाहरणे होती. कवी पेत्रार्काने 1362 मध्ये आपली पुस्तके व्हेनिसच्या गणराज्याला देऊ केली होती. ते ठरले तसे घडले नाही आणि 1374 मध्ये तो गेल्यावर संग्रह पांगला. कथाकार बोक्काच्चोची पुस्तके सान्तो स्पिरितोच्या मठात पोहोचली, पण त्यांची नीट मांडणी नव्हती. त्यांच्यासाठी कपाटांची सोय निक्कोलीनेच स्वतःच्या खर्चाने करून दिली. सालुतातीला सार्वजनिक ग्रंथालयाची कल्पना सुचली होती, ती त्याने लिहूनही ठेवली. पण त्याच्या मुलांनी बापाची पुस्तके विकली, आणि ती घेणाऱ्यांत निक्कोली होता. ज्याच्या कपाटात मोडलेल्या संग्रहांचे तुकडे येऊन पडले होते, त्याला चांगला हेतू पुरेसा नसतो हे सांगावे लागत नव्हते.

1430 च्या मृत्युपत्रात त्याने संग्रह सान्ता मारिया देल्यी आंजेलीच्या मठाला ठेवला होता, जेथे त्याचा मित्र, ग्रीकचा जाणकार भिक्षू अंब्रोज्यो त्रावेर्सारी राहत असे. जानेवारी 1437 च्या अखेरच्या मृत्युपत्रात त्याने हे बदलले. पुस्तके कोणत्याही एका मठाकडे किंवा व्यक्तीकडे न देता 16 विश्वस्तांच्या हवाली केली: त्यांत त्रावेर्सारी होता, पोज्जो होता, कोझिमो आणि त्याचा भाऊ लोरेन्झोही होता. पुस्तके अभ्यासू नागरिकांना वापरता यावीत अशी त्याची इच्छा होती. संस्था अद्याप नाही, इमारत नाही, पैसा नाही, फक्त जबाबदार माणसांचे मंडळ आणि हेतू, अशी ही रचना होती. व्यापारात भागीदारी, जामीन आणि लवाद यांची ज्यांना सवय होती त्यांना ती परकी नव्हती. सोळांत विद्वान आणि सावकार दोघे असणे हे मला या मृत्युपत्रातले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते, कारण पुस्तकांची पारख असणाऱ्यांकडे पैसा नव्हता आणि पैसा असणाऱ्यांवर नजर ठेवणारे कोणीतरी लागणारच होते.

तरीही चार वर्षे काही हलले नाही. संग्रहावर कर्जाचा बोजा होता आणि तो फिटल्याशिवाय विश्वस्तांना पुस्तकांची व्यवस्था लावणे कठीण होते. व्हेस्पासियानो सांगतो त्याप्रमाणे, निक्कोली हयात असताना कोझिमो आणि लोरेन्झो यांनी पेढीवर सांगून ठेवले होते की निक्कोलोचे माणूस येईल तेव्हा मागेल ती रक्कम द्यावी आणि त्यांच्या खात्यावर मांडावी. मदत देणगी म्हणून दिली असती तर घेणारा उपकृत झाला असता आणि गोष्ट तेथेच संपली असती. ती वहीत मांडली गेली, म्हणून मरणानंतरही तिचा हिशोब करणे भाग पडले, आणि त्या हिशोबातूनच वाट निघाली. 1441 मध्ये विश्वस्तांनी पुस्तके कोझिमोच्या हवाली केली. अट अशी की त्याने निक्कोलीची देणी फेडावीत, पुस्तके सान मार्कोत सर्वांच्या उपयोगासाठी ठेवावीत आणि प्रत्येक पुस्तकावर ते कोणाच्या वारशातून आले ते लिहावे. अट पाळली गेली. फ्लॉरेन्सच्या विद्वान निक्कोलो निक्कोलीच्या वारशातून, अशा अर्थाची लॅटिन नोंद आजही त्या हस्तलिखितांवर वाचता येते.

सान मार्कोच का, याचे उत्तर राजकारणात आणि कोझिमोच्या मनात शोधावे लागते. 1433 मध्ये प्रतिस्पर्धी अल्बित्झी घराण्याच्या गटाने त्याला हद्दपार केले. व्हेनिसमध्ये राहून तो 1434 मध्ये परतला आणि तेव्हापासून चिठ्ठ्यांच्या थैल्यांत कोणाची नावे पडतात यावर त्याचा ताबा राहिला. 1436 मध्ये पोप चौथ्या युजेनियसने सान मार्कोचा पडका मठ फिएसोलेच्या डोमिनिकन भिक्षूंना दिला. व्याजाचा धंदा करणाऱ्या कोझिमोच्या मनाला टोचणी होती, आणि मनःशांतीसाठी 10,000 फ्लोरिन (फ्लॉरेन्सची सोन्याची नाणी) या मठावर खर्च कर असा सल्ला पोपनेच दिला, असे व्हेस्पासियानो लिहितो. प्रत्यक्ष खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. बांधकाम मिकेलोत्झोकडे होते, भिंतींवरची चित्रे याच मठातल्या फ्रा आंजेलिकोची. वाचनालयाचे दालन लांब आणि अरुंद आहे. सडपातळ स्तंभांच्या दोन रांगा त्याचे तीन भाग करतात, मधला भाग जाण्यायेण्यासाठी मोकळा, दोन्ही बाजूंना पूर्वी वाचनाची बाके होती आणि खिडक्यांतून येणारा उजेड थेट त्यांच्यावर पडे. कोणती पुस्तके असायला हवीत याची यादी कोझिमोच्या विनंतीवरून तोम्माझो पारेन्तुचेल्ली या धर्मगुरूने करून दिली.

या व्यवहारात कोझिमोचा फायदा उघड आहे. 500 दुकात आणि इतर देणी यांच्या बदल्यात त्याला नगराच्या विद्येचा आश्रयदाता ही प्रतिमा मिळाली, आणि उरलेल्या पुस्तकांपैकी काही त्याने स्वतःकडे ठेवली, काही मित्रांना दिली. संग्रहाचा सुमारे अर्धा भाग अशा रीतीने सार्वजनिक झालाच नाही, हे या प्रकरणातले उणे आहे आणि ते झाकू नये. विश्वस्तांतले त्रावेर्सारी आणि लोरेन्झो 1441 पूर्वीच वारले होते. मंडळाचा दाब तोवर सैल झाला होता असे मानायला जागा आहे. शिवाय सार्वजनिक म्हणजे काय, हेही तपासले पाहिजे. लॅटिन वाचणारा, भिक्षूंच्या मठात प्रवेश असलेला पुरुष, एवढीच त्या वाचकवर्गाची मर्यादा होती. पिंजाऱ्याचा मुलगा त्या बाकावर बसला असण्याचा संभव नाहीसारखाच.

तरी पर्याय काय होते ते पाहिले म्हणजे या तडजोडीचे मोल समजते. पाल्ला स्त्रोझ्झीला सान्ता त्रिनितामध्ये असेच सार्वजनिक ग्रंथालय करायचे होते. 1427 च्या करनोंदणीत तो शहरातला सर्वांत श्रीमंत माणूस होता, ग्रीक जाणत होता, पुस्तके त्याच्याकडे होती. कोझिमोच्या पुनरागमनानंतर 1434 मध्ये त्याला पादुआला हद्दपार केले गेले आणि ती योजना तेथेच राहिली. म्हणजे ज्या सत्तेने निक्कोलीची पुस्तके वाचवली तिनेच दुसरे एक वाचनालय जन्मण्यापूर्वी थांबवले. दुसरे उदाहरण व्हेनिसचे. कार्डिनल बेस्सारियोनने 1468 मध्ये आपला ग्रीक हस्तलिखितांचा अमोल संग्रह त्या गणराज्याला दिला. तेथे राज्य स्थिर होते आणि पैसाही होता, पण काम तडीस नेण्याची ज्याच्यावर वैयक्तिक जबाबदारी आहे असा कोणी नव्हता. पुस्तके कित्येक दशके पेट्यांत पडून राहिली आणि त्यांच्यासाठीच्या इमारतीचे काम 1537 मध्ये सुरू झाले. फ्लॉरेन्सला मृत्युपत्रापासून मांडणीपर्यंत सात वर्षे लागली.

सान मार्कोचे दालन उभे राहिल्यावर कोझिमोला हे काम कसे करावे ते कळले होते. फिएसोलेच्या बादिया मठासाठी ग्रंथालय हवे झाले तेव्हा त्याने वाट पाहिली नाही. व्हेस्पासियानोला बोलावले, 45 लेखनिक लावले आणि 22 महिन्यांत 200 पुस्तके तयार करून घेतली. पैशाने पुस्तके लिहून घेता येत होती, पण उतरवायला चांगली मूळ प्रत लागे, आणि तशा प्रती शोधून, ताडून तयार ठेवण्याचे काम निक्कोलीच्या पिढीने आधीच केले होते. बादियासाठीही पारेन्तुचेल्लीचीच यादी वापरली गेली. तोवर तो स्वतः 1447 मध्ये पाचवा निकोलस या नावाने पोप होऊन गेला होता, आणि ग्रीक ग्रंथांची लॅटिन भाषांतरे करवून घेत, दूरवर माणसे पाठवून हस्तलिखिते जमवत त्याने रोममध्ये ज्या संग्रहाचा पाया घातला, तेच पुढे व्हॅटिकनचे ग्रंथालय झाले.